मॅचला जाल हो, पण परत कसे येणार?

मागच्या अंकात मी लिहून बसले की वर्ल्ड कप बघायला जाणाऱ्यांनी काय ते विचारा, जमेल तसं सांगते. चूक झाली, इतके मेल आलेत की वाचतानाच माझी एक्स्ट्रा टाइम गेली. तसं बरोबरच आहे म्हणा, ११ जून ते १९ जुलै २०२६, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून १६ शहरं, ४८ टीम, १०४ मॅच, कुणाचंही डोकं गरगरेल. पण गंमत बघा, निम्मे प्रश्न तिकिटाचे, उरलेल्यातले बहुतेक व्हिसाचे, आणि मॅच संपल्यावर साठ-सत्तर हजार माणसांबरोबर एकदम बाहेर पडून मुक्कामाला कसं पोचायचं हे विचारणारी बाई एकच. त्या काकूंचं पत्र शेवटी घेतलंय. घाईत असाल तर आधी तेच वाचा.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही दोघं मित्र, मेस्सीला एकदा डोळ्यांनी बघायचं एवढंच स्वप्न आहे. अर्जेंटिनाच्या तिन्ही ग्रुप मॅच करायच्या असं ठरवलंय, १६ जूनला कॅन्सस सिटी, मग २२ ला आणि शेवटची २८ ला डॅलस. डॅलसला अगदी डाउनटाउनमध्ये हॉटेल बघितलंय म्हणजे स्टेडियमला चालत जाता येईल. प्लॅन बरोबर आहे का?
— दोन मेस्सीभक्त

उत्तर : बाबांनो, बरं झालं विचारलंत. पहिलं म्हणजे शेवटची मॅच २८ ला नाही, २७ ला आहे. तुमच्या फोनने ती भारतीय वेळेत दाखवली. जॉर्डनविरुद्धची ती मॅच डॅलसच्या घड्याळात २७ जूनच्या रात्री ९ ला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे २८ ची सकाळ उजाडून साडेसात झालेले असतात. जूनमध्ये डॅलस आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, न्यूयॉर्क साडेनऊ, मेक्सिको सिटी साडेअकरा (मेक्सिकोने घड्याळ पुढे-मागे करणं बंद केलंय म्हणून तो एक तासाचा फरक). तुम्ही २८ ची रूम घेऊन २८ च्या दुपारी टेचात उतरला असता आणि रिसेप्शनवरच्या माणसाने सांगितलं असतं की मॅच काल झाली. हसू नका, असे तीन मेल आलेत मला या महिन्यात. फोनमध्ये मॅचच्या शहराचं घड्याळ लावून ठेवा आणि तारखा कागदावर लिहा.

दुसरं. 'डॅलस'चं स्टेडियम डॅलसमध्ये नाहीच मुळी. ते आर्लिंग्टनमध्ये आहे, डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधोमध, डाउनटाउनपासून तीसेक किलोमीटर. चालत जायचं तर आदल्या दिवशी निघावं लागेल. आणि आर्लिंग्टन म्हणजे जवळजवळ चार लाख वस्तीचं गाव, पण तिथे ठरलेल्या मार्गावर धावणारी बस नाही की मेट्रो नाही. डॅलस ते फोर्ट वर्थ एक ट्रेन जाते, टीआरई म्हणतात तिला, तिच्या मधल्या सेंटरपोर्ट स्टेशनवर उतरायचं आणि पुढे मॅचसाठी सोडलेल्या बसने मैदान, असा बेत आहे. म्हणून हॉटेल बघताना स्टार मोजू नका, टीआरईचं स्टेशन किती जवळ आहे ते बघा, मग ते डॅलसकडचं असो नाहीतर फोर्ट वर्थकडचं. स्वस्त दिसतंय म्हणून लांबच्या उपनगरात घेतलंत तर वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याला जातील, आणि तोही मॅच सुटल्यावर मिळाला तर.

हे नावाचं प्रकरण नुसतं डॅलसचं नाहीये. 'बोस्टन'ची मॅच फॉक्सबरोला, शहरापासून पस्तीसेक किलोमीटर. 'न्यूयॉर्क'ची नदीपलीकडे न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्डला. 'मायामी'ची मायामी गार्डन्सला. आणि 'सॅन फ्रान्सिस्को'ची तर सांता क्लाराला, म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर खाली, तिथे मॅच बघायची असेल तर सरळ सॅन होजेला राहा आणि गोल्डन गेट एक दिवस काढून बघून या. तिकिटावर शहराचं नाव असतं ते पोस्टरवर छान दिसावं म्हणून, तुम्ही नकाशात स्टेडियम शोधा.

आता तिसरं, आणि हे माझं मत आहे, पटलं तर घ्या. कॅन्सस सिटी सोडा. अल्जेरियाशी मॅच १६ ला रात्री आहे, तिथून डॅलस रस्त्याने साडेआठशे-नऊशे किलोमीटर, विमानाने गेलात तरी एअरपोर्टच्या भानगडीत एक अख्खा दिवस जातो आणि वर दोन्हीकडे हॉटेल. त्यापेक्षा २१ ला डॅलसला उतरा, २८ ला निघा, दोन्ही मॅच एकाच मैदानावर, एकच रूम, बॅग एकदाच उघडायची. २२ ची ऑस्ट्रियाविरुद्धची मॅच भर दुपारी १२ ला आहे, बाहेर पस्तीसच्या आसपास तापमान असेल पण मैदानाला छप्पर आहे, एसी आहे, आत थंड. बाय द वे २२ जून ही तारीख अर्जेंटिनावाल्यांना सांगायला नको, १९८६ ला याच दिवशी मॅराडोनाने इंग्लंडला ते दोन गोल घातले होते, एक हाताने आणि एक निम्मी टीम चकवून. बरोबर चाळीस वर्षं होतायत.

आणि मधल्या चार दिवसांत काय करू असं म्हणाल तर फेअर पार्कला जा. डॅलसचा फॅन फेस्टिव्हल, म्हणजे मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून मॅच बघायची जत्रा, तिथेच आहे, डार्टची (तिथली शहर रेल्वे) ग्रीन लाइन दारात सोडते. त्याच आवारात जुनं कॉटन बोल मैदान आहे जिथे १९९४ च्या वर्ल्ड कपच्या मॅच झाल्या. ब्राझीलच्या बेबेतोने बाळाला झुलवल्यासारखे हात करून गोल साजरा केला होता ना, ब्राझील-नेदरलँड्स ३-२, ती मॅच तिथली. आणि मॅराडोना डोप टेस्टमध्ये सापडून स्पर्धेबाहेर गेल्यावर अर्जेंटिना पहिली मॅच खेळली आणि बल्गेरियाकडून ०-२ हरली, तीसुद्धा तिथेच. भक्त असाल तर तिथे दोन मिनिटं गप्प उभे राहाल. शिवाय फोर्ट वर्थला स्टॉकयार्ड्समध्ये लांब शिंगांच्या गुरांचा कळप रस्त्यावरून नेतात रोज दोनदा, थोडा टुरिस्टी प्रकार आहे पण मला आवडेल.

२७ च्या रात्रीचं मात्र आत्ताच ठरवा. ९ ला सुरू, प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांचा पाणी ब्रेक या वेळी सगळ्याच मॅचला आहे, म्हणजे शिट्टी वाजेपर्यंत ११. त्यानंतर बसची लाइन, मग ट्रेन. शेवटची ट्रेन किती वाजता आहे हे मॅचच्या आठवड्यात डार्ट आणि टीआरईच्या साइटवर बघून मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा, नेटवर्क त्या गर्दीत चालेलच असं नाही. आणि २८ ची पहाटेची फ्लाइट घेऊ नका हो, कृपा करा.

प्रश्न : मॅडम, आधी तिकीट घ्यावं की आधी व्हिसा? एजंट म्हणतो तिकीट असलं की व्हिसा मिळतोच, फिफाने अमेरिकेशी तसं ठरवलंय. त्याच्याकडेच तिकिटं पण आहेत.
— नाव नको

उत्तर : एजंटला माझा नमस्कार सांगा आणि त्याच्यापासून चार हात लांब राहा.

जे आहे ते असं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'फिफा पास' नावाची सोय जाहीर झाली, तिच्यात तिकीटवाल्यांना अमेरिकन व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तारीख लवकर मिळते. तारीख लवकर मिळते, व्हिसा नव्हे. खिडकीपलीकडचा अधिकारी तुम्हाला तेच प्रश्न विचारणार जे सगळ्यांना विचारतो, काय करता, कशासाठी चाललात, खर्च कोण करतंय, परत का याल. आणि ही सोय थेट फिफाकडून तिकीट घेतलेल्यांना आहे, एजंटच्या कपाटातल्या तिकिटाला नाही. तिकिटं तशीही कागदी नसतात, फिफाच्या ॲपमध्ये येतात तुमच्या नावच्या अकाउंटला, मग त्याच्याकडे 'आहेत' म्हणजे नेमकं काय आहे ते विचारा बरं त्याला.

त्यामुळे क्रम असा ठेवा. व्हिसाचा अर्ज भरा (डीएस-१६० फॉर्म, फी १८५ डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही), आणि तिकीट फिफाच्या साइटवरूनच घ्या. मोठी लॉटरी जानेवारीत बंद झाली, आता एप्रिलपासून शेवटच्या टप्प्याची विक्री आहे, जो आधी येईल त्याला. शिवाय फिफाचं स्वतःचं रीसेल मार्केट आहे. तिथे घेणाऱ्याकडून १५ टक्के आणि विकणाऱ्याकडूनही १५ टक्के फिफा कापून घेते. हो, दोन्हीकडून! लोकांनी भरपूर शिव्या दिल्यात पण आहे ते आहे. त्यातल्या त्यात बरं एवढंच की व्हिसा नाही मिळाला तर तिकीट तिथे विकायला टाकता येतं, सगळेच पैसे बुडत नाहीत. विमान आणि हॉटेल मात्र व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत कॅन्सल होणारंच घ्या.

पूर्वी काही लोक दुबई नाहीतर बँकॉकला जाऊन अमेरिकन इंटरव्ह्यू उरकून यायचे, तेही सप्टेंबर २०२५ पासून बंद झाल्यासारखंच आहे, टुरिस्ट व्हिसासाठी राहत्या देशातच जायचं.

आणि तीन देशांची खिचडी करू नका. अमेरिकेचा व्हिसा असला म्हणून भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडात सोडत नाहीत, त्यांचा वेगळा काढावा लागतो. मेक्सिकोचं उलट आहे, अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मात्र मेक्सिकोला जाताना विमान अमेरिकेत बदलणार असाल तर नुसतं एअरपोर्टवर बसायलाही अमेरिकेचा व्हिसा पाहिजे. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

प्रश्न : हॉटेल आत्ता घेऊ की थांबू? भाव बघून घाम फुटतो.

उत्तर : कॅन्सल होणारं आत्ता घ्या आणि दर पंधरा दिवसांनी बघत राहा. मोठ्या स्पर्धेच्या आधी सगळेच हॉटेलवाले भाव चढवून बसतात आणि खोल्या रिकाम्या दिसायला लागल्या की हळूच उतरवतात, कधी उतरवत नाहीत, तो जुगार आहे पण कॅन्सलेशनची तारीख सांभाळलीत तर जुगार फुकटात खेळता येतो. अमेरिकेत टॅक्स वर लागतो, चेक-इनला कार्डावर डिपॉझिट अडकवून ठेवतात, आणि बऱ्याच ठिकाणी २१ च्या खालच्या मुलांना स्वतःच्या नावावर खोली देत नाहीत. भाड्याची गाडी घेणार असाल तर २५ च्या आतल्यांना जास्तीचे पैसे. घर भाड्याने घेत असाल आणि मालक म्हणाला की साइट सोडून थेट मला पैसे पाठवा, स्वस्त पडेल, तर तिथेच रामराम.

प्रश्न : आमची कुठलीच टीम नाही, नवरा-बायको आहोत, फक्त वर्ल्ड कपचा माहोल अनुभवायचाय, एक-दोन मॅच आणि बाकी फिरणं. कोणतं शहर घ्यावं? गाडी चालवायची नाहीये.

उत्तर : वा! असे प्रश्न आले की मला बरं वाटतं, कारण टीम नाही म्हणजे तुम्ही मोकळे. आणि गाडी चालवायची नाही हे आधीच सांगितलंत म्हणजे निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत.

ज्या शहरांत मैदानाच्या दाराशी ट्रेन जाते तेवढीच घ्या. सिॲटल, एअरपोर्टवरून जी लाइट रेल निघते तीच मैदानाजवळ थांबते, स्टेशनचं नावच 'स्टेडियम'. अटलांटा, तिथेही एअरपोर्टच्या पोटातून मार्टाची, म्हणजे तिथल्या मेट्रोची ट्रेन निघते, मध्ये एकदा बदलायची, आणि मैदानाला छप्पर-एसी. ह्यूस्टनला रेड लाइन मैदानापाशी सोडते, छप्पर आहे, फक्त स्टेशन ते गेट एवढं चालताना शिजून निघाल. फिलाडेल्फियाला ब्रॉड स्ट्रीट लाइनचं शेवटचं स्टेशन. व्हँकुव्हरला मैदान शहराच्या ऐन मध्यात, स्कायट्रेनचं स्टेशन शेजारीच, मॅच संपवून चालत समुद्रावर जाता येतं, फक्त कॅनडाचा व्हिसा.

मला विचाराल तर, व्हिसाचं गणित जमत असेल तर, मेक्सिको सिटी. बाकीची मैदानं चांगली आहेत, मोठी आहेत, पण बहुतेक सगळी अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेली. तिथलं आझ्टेका हे आझ्टेका आहे. १९७० ला पेले तिथे जिंकला, १९८६ ला मॅराडोना, दोन्ही फायनल तिथल्याच, आणि आता ११ जूनला मेक्सिको-दक्षिण आफ्रिकेने ओपनिंग होतंय म्हणजे तीन वर्ल्ड कप बघणारं जगातलं पहिलं मैदान. तिथे पाच मॅच आहेत, ओपनिंगच्या मागे लागू नका, दुसरी कुठलीही घ्या. मेट्रोने तास्केन्याला जायचं, तिथून त्रेन लिहेरो नावाची छोटी ट्रेन मैदानापाशी जाते. तिकीट नसेल त्या दिवशी सोकालोला, म्हणजे तिथल्या मुख्य चौकात, फॅन फेस्टिव्हल. दोन गोष्टी लक्षात असू द्या, शहर २,२४० मीटर उंचीवर आहे, पहिल्या दिवशी जिना चढतानाच धाप लागते, म्हणून पोचलात त्याच दिवशी मॅच ठेवू नका. आणि जूनमध्ये तिथे पावसाळा असतो, दुपारनंतर हमखास सर येते, छत्री गेटवर अडवतील पण साधा रेनकोट चालतो.

फिलाडेल्फिया घेणार असाल तर ४ जुलैच्या आसपास नको. त्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं होतायत, जाहीरनामा त्याच शहरात मंजूर झाला होता, आणि त्याच दिवशी तिथे बाद फेरीची मॅच पण ठेवलीये. म्हणजे विचार करा. ज्यांना गर्दीच आवडते त्यांनी जरूर जावं.

प्रश्न : पोर्तुगालची बाद फेरीची मॅच कुठे होईल ते आत्ता कळेल का? फ्लाइट स्वस्त मिळतेय.

उत्तर : नाही कळणार. मॅचचं शहर आणि तारीख पक्की आहे, खेळणार कोण ते नाही. १२ ग्रुप आहेत, पहिले दोघं पुढे जातात आणि तिसऱ्या नंबरच्या १२ पैकी सगळ्यात चांगल्या ८ टीम, आता हे कुठले आठ ग्रुप असतील याच्या ४९५ शक्यता होतात आणि त्याप्रमाणे जोड्या बदलतात. ग्रुप मॅच तेवढ्या पक्क्या आहेत, १७ आणि २३ जून ह्यूस्टन, २७ ला मायामी. ह्यूस्टनच्या दोन घ्या आणि सुखाने परत या. बाद फेरीचं तिकीट घ्यायचंच असेल तर शहर आवडतं म्हणून घ्या, समोर कुणीही आलं तरी बघायची तयारी ठेवून.

प्रश्न : ताई, मुलगी-जावई न्यू जर्सीत असतात, आम्ही दोघं जूनमध्ये जातोय. २७ जूनच्या इंग्लंड-पनामा मॅचची तिकिटं जावयाने काढलीत. तो म्हणतो आपली गाडी आहे, वीस मिनिटांत स्टेडियम, काळजीच नको. खरं आहे का?
— एक सासरे

उत्तर : जावयाशी भांडण लावायचं नाही मला, पण नेहमीच्या रविवारी जे खरं असतं ते वर्ल्ड कपला खरं नसतं. त्या मैदानाभोवती एरवी हजारो गाड्यांची पार्किंगं असतात, या वेळी सुरक्षेचं कडं आणि तंबू त्याच जागेत येतात, त्यामुळे नेहमीसारखी गाडी लावायला मिळेल ही आशा सोडा. सगळा भर ट्रेनवर आहे. न्यूयॉर्क पेन स्टेशनहून सिकॉकस जंक्शन, तिथे बदलून मेडोलँड्स, म्हणजे मैदानाचं स्टेशन.

आणि त्या सिकॉकसची एक गोष्ट सांगते. फेब्रुवारी २०१४ ला याच मैदानावर सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, झाला होता, त्या वेळीही असंच, गाड्या आणू नका, ट्रेनने या. लोक शहाणे, ऐकलं सगळ्यांनी. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त माणसं ट्रेनला आली, जाताना सिकॉकसला दाटीत लोकांना भोवळ आली, आणि मॅच संपल्यावर मैदानात पाटीवर सूचना लागली की आत्ता ट्रेनकडे येऊ नका, बसून राहा. जाताना लोक दिवसभरात थोडेथोडे येतात हो, परतताना सगळे एकाच मिनिटाला उठतात.

तेव्हा जावईबापूंना सांगा, मॅचच्या दिवसाचं ट्रेनचं तिकीट मॅचच्या तिकिटाइतकंच मनावर घ्या, एनजे ट्रान्झिट (न्यू जर्सीची रेल्वे) त्याची विक्री वेगळी करतंय का ते आत्तापासून बघत राहा. आणि गाडी वापरायचीच असेल तर घरून एखाद्या ट्रेन स्टेशनपर्यंत वापरा. तिथे त्यांची वीस मिनिटं उपयोगी पडतील.

प्रश्न : चि. सौ. ताईस आशीर्वाद. मी ६६ वर्षांची, मुलगा बोस्टनला असतो. २६ जूनला फ्रान्स आणि नॉर्वेची मॅच आहे, नातू सात वर्षांचा, नॉर्वेचा तो हालँड आहे ना, हालँड हालँड करून घर डोक्यावर घेतलंय. मुलगा म्हणतो आई तू पण चल. मला खेळातलं कळत नाही, पण एवढंच विचारायचंय, मॅच संपल्यावर आम्ही घरी कसे येणार? माझे गुडघे दुखतात आणि पोराला आठ वाजता झोप येते. आणि डबा नेऊ का?
— नातवाची आजी

उत्तर : काकू, नमस्कार करते. शंभर मेलमध्ये कामाचा प्रश्न तुमचा.

ही मॅच दुपारी ३ ची आहे ते फार चांगलं, नातवाच्या झोपेच्या आत घरी येण्याची आशा आहे. मैदान फॉक्सबरोला, बोस्टनच्या साउथ स्टेशनहून मॅचच्या दिवशी खास ट्रेन सुटतात, तासाभराचा प्रवास, आणि स्टेशन मैदानाला लागूनच आहे. मुलाला सांगा ट्रेनची जागा आधी बुक कर, तिथे जाऊन बघू असं नको. गाडीने गेलात तर तिथे जायला-यायला तो एकच महामार्ग आहे, रूट १, मॅच सुटल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायलाच तास-दीड तास लागतो, गुडघ्यांना बसूनही त्रास होतोच.

आता एक गोष्ट जी मुलाने सांगितली नसेल. हे मैदान उघडं आहे आणि अमेरिकेत उन्हाळ्यात विजा फार. वीज जवळपास, म्हणजे साधारण आठ मैलांच्या आत पडली की खेळ थांबवतात, लोकांना आत आडोशाला नेतात, आणि अर्धा तास मोजतात, मध्ये पुन्हा चमकली की अर्धा तास परत पहिल्यापासून. गेल्या वर्षी क्लब वर्ल्ड कपला शार्लट शहरात चेल्सी आणि बेनफिकाची मॅच चार मिनिटं उरली असताना अशी थांबली ती जवळजवळ दोन तास, सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एकूण चार तास ३८ मिनिटं. म्हणून मॅच थांबली तर परतीच्या ट्रेनचं काय, ती थांबते का, हे मुलाने आधी एमबीटीएच्या (बोस्टनची रेल्वे) साइटवर बघून ठेवायचं. नातवाला एक जास्तीचा टी-शर्ट आणि पातळ रेनकोट.

डबा नका नेऊ, गेटवर काढून घेतात. ट्रेनमध्ये बसून सगळ्यांना खायला घाला आणि रिकामं होऊन आत जा. पर्सही नेहमीची चालणार नाही, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी लागते, १२ बाय ६ बाय १२ इंचांच्या आतली. गुडघ्यांच्या गोळ्या असतील तर त्या मूळ पाकिटात ठेवा, सुट्या पुडीत नको. नातवाचं वेगळं तिकीट काढलंय ना तेवढं विचारा, मांडीवर बसेल हे इथे चालत नाही, वय कितीही असो. आणि पायऱ्या चढवत नसतील तर व्हीलचेअरवर बसायलाच पाहिजे असं नाही, गेटवरच्या माणसाला सांगा, लिफ्ट असते.

मॅच संपली की उठू नका. हे मी २०१८ ला मॉस्कोत शिकले, लुझनिकी मैदानाबाहेर पहिल्या वीस मिनिटांत निघालेले लोक घोडेस्वार पोलिसांच्या दोन रांगांमध्ये मुंगीच्या चालीने सरकत होते, आम्ही आत पायऱ्यांवर बसून राहिलो, झेंडे गोळा करणारी पोरं बघितली, गवतावर पाणी मारणारा माणूस बघितला, पाऊण तासाने उठलो तर मेट्रोत बसायला जागा. तुमची बुक केलेली ट्रेन कितीची आहे त्यावर बघा, पण जमेल तितका वेळ खुर्ची सोडू नका. पोराला तेवढ्यात झोप लागली तर लागू दे, मुलगा उचलेल.

नॉर्वे १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कप खेळतंय, त्यामुळे त्यांचे लोक गोंगाट करतील, शिंगांच्या टोप्या घालून येतील, घाबरू नका, प्रेमळ असतात. पायात चप्पल नको, बूट घाला. आणि परत आलात की मला नक्की लिहा, हालँडने किती गोल केले ते टीव्हीवर कळेलच, मला घरी किती वाजता पोचलात ते सांगा.